नैराश्याचे निदान गावच्या दवाखान्यात

झोप लागत नाही, भूक मेली, अंग दुखते, कामात लक्ष लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणूस गावच्या डॉक्टरकडे जातो आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परत येतो. अशा रुग्णांपैकी काहींना नैराश्याचा आजार असतो. मन खचल्याचे रुग्ण आपणहून सांगत नाही. डॉक्टरांनी विचारले तरच ते कळते.

स्वीडनमधील गोटलंड बेटावर १९८३-८४ मध्ये तेथील डॉक्टरांना नैराश्याचे निदान व उपचार यांचे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतर नैराश्यावरील औषधांचा योग्य वापर वाढला, गुंगीच्या गोळ्या कमी झाल्या व आत्महत्यांचे प्रमाण घटले. मात्र काही वर्षांत प्रशिक्षित डॉक्टरांपैकी अनेक जण बेट सोडून गेले आणि प्रमाण पुन्हा वाढले. म्हणजे असे प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही, ते ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते. आणखी असे की, ही घट मुख्यतः स्त्रियांमध्ये झाली. पुरुष दवाखान्यात फारसे आलेच नाहीत. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा चिडचिड व दारू यांमागे दडते. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे?

आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये राबविलेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते व समुपदेशकांनी काम केले. दीड वर्षात नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

प्रशिक्षित डॉक्टर प्रथम दोन प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहिले का? नेहमीच्या कामातला रस गेला का? उत्तर होय असल्यास पुढील चौकशी करतात. जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारतात. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट रुग्णाला मोकळे होता येते.

नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी औषध साधारण सहा महिने चालू ठेवावे व डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नये. झोपेच्या काही गोळ्यांप्रमाणे या औषधांची चटक लागत नाही. औषधासोबत समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो.

घरात असा रुग्ण असल्यास कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. दवाखान्यात जाताना घरच्या एकाने सोबत जावे व झोप, भूक, दारू यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून मराठीतून बोलता येते.