कबुली आणि प्रत्यारोप : ओकादा खटला व ओओका यांचे कथन

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युद्धगुन्हे-खटल्यांचा विचार बहुधा न्युरेम्बर्ग आणि टोकिओ या दोन नावांपाशी थांबतो. योकोहामा येथे अमेरिकी लष्करी आयोगांपुढे चाललेले खटले त्यामानाने उपेक्षित राहिले. लेफ्टनंट जनरल तासुकु ओकादा यांचा खटला त्यांपैकीच एक होय. जपानी कादंबरीकार शोहेई ओओका यांनी ‘नागाइ ताबी’ (‘दीर्घ प्रवास’, १९८२) या ग्रंथात त्याची पुनर्मांडणी केल्यामुळे तो साहित्याभ्यासाच्याही कक्षेत येतो.

नागोया परिसराचे संरक्षण ओकादा यांच्याकडे होते. १९४५ मध्ये त्या शहरावर आगलावे बॉम्ब वर्षत होते. १४ मे रोजी तेथील प्राचीन किल्लाही भस्मसात झाला. या काळात पकडल्या गेलेल्या अमेरिकी विमानसैनिकांपैकी अनेकांना रीतसर खटला न चालवता ठार मारण्यात आले. शरणागतीनंतर ओकादा सुगामो तुरुंगात स्थानबद्ध झाले आणि मार्च ते मे १९४८ या काळात त्यांच्यावर व त्यांच्या हाताखालच्यांवर खटला चालला.

जनरल तोमोयुकी यामाशिता यांच्या १९४५ मधील मनिला येथील खटल्याशी तुलना केली असता या खटल्याचे वेगळेपण स्पष्ट होते. यामाशितांनी अत्याचारांची माहिती आपल्याला नव्हती असे सांगितले. तरीही सेनापती म्हणून ते दोषी ठरले. ओकादा यांनी उलट सर्व जबाबदारी स्वतःकडे घेतली. परंतु ही कबुली शरणागती नव्हती. नागरी वस्तीवरील सरसकट बॉम्बफेक हाच गुन्हा असून आपली कृती सूड नव्हे, तर शिक्षा होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे अमेरिकी वकील जोसेफ फेदरस्टोन यांनी हाच मुद्दा आयोगापुढे लावून धरला. आरोपीच्या पिंजऱ्यातून जेत्यांवरच आरोप ठेवला गेला.

या युक्तिवादातील विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. ओकादा यांना वकील मिळाला, साक्ष देता आली, बाजू मांडता आली. मारल्या गेलेल्या बंदिवानांना यातले काहीच लाभले नव्हते. शिक्षा म्हणायची, तर तिच्याआधी सुनावणी हवी. आयोगाने त्यांना फाशीची शिक्षा सुनावली व १७ सप्टेंबर १९४९ रोजी ती अमलात आली. सहआरोपींना तुरुंगवास झाला.

ओओका स्वतः यामाशितांच्या अधिपत्याखालील सैन्यात साधे शिपाई होते आणि जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्समध्ये अमेरिकनांचे युद्धकैदी झाले. ‘फुर्योकि’ या युद्धकैदाच्या कथनातून त्यांनी स्वतःच्या मनाची उलटतपासणी घेतली होती. ‘नागाइ ताबी’मध्ये ते अधिकाऱ्याच्या जबाबदारीकडे वळले. हाताखालच्यांना वाचवणारा सेनापती त्यांना आदरणीय वाटतो. जिवंत परतलेल्या शिपायाने सेनापतीविषयी लिहिलेले असल्यामुळे या आदराला वजन येते; पण म्हणूनच वाचकाची जबाबदारीही वाढते. न्यायालयीन दप्तरात आणि साहित्यकृतीत बोलणारा आवाज सेनापतीचाच आहे. ठार झालेले विमानसैनिक आणि नागोयात जळून मेलेले नागरिक दोन्हींकडे केवळ उल्लेखापुरते उरतात. साक्ष-साहित्याच्या तौलनिक अभ्यासात कोण काय बोलले याबरोबरच, बोलण्याची संधी कोणाला मिळाली, हेही विचारात घ्यावे लागते.