दट्ट्याच्या रिंगा : जुन्या एंजिनांसाठी निवड

दट्ट्याच्या (पिस्टनच्या) परिघावरील खाचांत बसविलेल्या, एका जागी छेद असलेल्या स्थितिस्थापक धातूच्या कड्यांना रिंगा म्हणतात. ज्वलनातील वायू निसटू न देणे, सिलिंडराच्या भिंतीवरील जादा वंगण तेल खरवडणे व दट्ट्यातील उष्णता भिंतीकडे नेणे ही त्यांची कार्ये होत. छेदयुक्त धातूची रिंग जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश अभियंत्याने १८५० नंतरच्या दशकात वाफ-एंजिनासाठी प्रचारात आणली.

जुन्या एंजिनाची पुनर्बांधणी करताना रिंगांची निवड सिलिंडराच्या अवस्थेवरून करावी लागते. रिंग कितीही कठीण व महाग असली, तरी झिजलेल्या सिलिंडराचा दोष ती भरून काढीत नाही. म्हणून प्रथम सिलिंडराचा व्यास वर, मध्ये व खाली, परस्परांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजतात. सर्वांत जास्त झीज वरची रिंग जेथे दिशा बदलते तेथे आढळते.

मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे एंजिन हे याचे परिचित उदाहरण होय. त्याचे घनफळ १,०८९ घ. सेंमी. व सिलिंडराचा व्यास ६८ मिमी. असून याच मापाच्या एंजिनावर फियाट कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ११०० टीव्ही ही वेगवान मोटार काढली होती. साध्या बिडाच्या रिंगेच्या टोकांतील फट व्यासाच्या दर मिमी.स ०·००३ ते ०·००४ मिमी. ठेवण्याचा प्रघात आहे; म्हणजे येथे ती सु. ०·२० ते ०·२७ मिमी. येते. व्यास ०·१ मिमी. वाढला, तर परीघ व त्याबरोबर फट सु. ०·३१ मिमी. वाढते. म्हणून झिजलेल्या सिलिंडरात फट खालच्या, कमी झिजलेल्या भागात तपासतात. अन्यथा तेथे टोके एकमेकांस भिडून रिंग मोडण्याचा संभव असतो. मोठ्या मापाची रिंग टोके घासून लहान सिलिंडरात बसविणे अयोग्य होय. तिचा आकार वर्तुळाकार राहत नाही व ती भिंतीस सर्वत्र टेकत नाही.

साधी बिडाची रिंग भिंतीशी लवकर जुळते; थोड्या झिजलेल्या सिलिंडरास ती सोयीची असते. क्रोमियमाचा मुलामा दिलेली रिंग धुळीने होणाऱ्या झिजेस चांगली टिकते, परंतु जुळण्यास वेळ घेते. क्रोमियमाचा मुलामा असलेल्या सिलिंडरात ती वापरीत नाहीत. मॉलिब्डेनमाचा सच्छिद्र थर तेल धरून ठेवतो व जास्त तापमानात उपयोगी पडतो; त्यासाठी भिंत अधिक गुळगुळीत लागते. रिंगेची जाडी दट्ट्याच्या खाचेशी जुळली पाहिजे. जुन्या दट्ट्यांच्या खाचा बहुधा रुंद असल्याने आधुनिक पातळ रिंगा त्यांत चालत नाहीत.

रायगड जिल्ह्यातील पेण, रोहा या भागांत वार्षिक पाऊस सु. ३,००० मिमी. वा अधिक पडतो. पावसाळाभर बंद राहिलेल्या मोटारीत उघड्या झडपेतून दमट हवा सिलिंडरात शिरते आणि रिंगा जेथे थांबलेल्या असतात तेथे गंजाचे वलय पडते. अशा एंजिनास सरळ नव्या रिंगा घातल्यास खड्ड्यांमुळे तेल जळते व धूर येतो. होनिंग करूनही खड्डे राहिले, तर सिलिंडर मोठ्या मापास कातून त्या मापाचे दट्टे व रिंगा घालतात किंवा नवा लायनर बसवितात. होनिंगच्या तिरकस परस्परछेदी रेघांत तेल टिकते. नंतर सिलिंडर साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावणे आवश्यक असते, कारण राहिलेली घर्षक पूड नव्या रिंगांना झिजविते.