नागपूर-राजनांदगाव गाडीतील अनोळखी प्रवासी

१८९३ साल. बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या एका गाडीत बत्तिशीच्या आसपासचा एक मराठी पंडित बसला होता. संस्कृतवर प्रभुत्व, मराठीत कवी म्हणून थोडेफार नाव, वक्तृत्व असे की ऐकणाऱ्याने जागचे हलू नये. मात्र हाताला स्थिर नोकरी नाही आणि मनालाही स्थैर्य नाही. त्याच डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. गृहस्थ जाणकार निघाले आणि वागण्यात कमालीचे सौजन्यशील. बोलता बोलता विषय धर्माकडे वळला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी सहप्रवाशाच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि एक भाकीत केले : हे पुस्तक मन लावून वाचाल, तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

तो पंडित म्हणजे नारायण वामन टिळक, पुढे 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले ते. भाकीत करणाऱ्याचे नाव त्यांना कधीच कळले नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासात ही भेट बहुधा धर्मांतराची पूर्वपीठिका म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. पण श्रद्धा आणि संशय यांचे नाते समजून घ्यायचे तर टिळक दांपत्याइतके बोलके उदाहरण मराठीत दुसरे सापडणे कठीण. संशय युक्तिवादाने फिटला, असे या कथेत कोठेच घडत नाही. देवावर भार टाकल्यावर माणसांकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि जे इतरांना दिसत नव्हते ते दिसू लागले, असे मात्र वारंवार घडते. त्याची किंमतही मोजावी लागली आणि ती टिळकांपेक्षा दुसऱ्याच कोणी अधिक मोजली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई लहानपणीच गेली, वडिलांशी पटले नाही. नाशिकला वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले. पुढची वर्षे शिक्षकी, कीर्तने, व्याख्याने आणि भटकंती यांत गेली. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले ते अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने. (बुटी हे नागपुरी नाव पुढे शिर्डीच्या बुटीवाड्यामुळे घरोघरी पोहोचले.) संस्कृत ग्रंथांचे संपादन, वाद-संवाद, 'ऋषी' नावाच्या मासिकाची खटपट असा त्यांचा येथील दिनक्रम होता.

त्या काळचे नागपूर अशा माणसाच्या मनात वादळ उठवणारेच होते. मध्य प्रांताची ही राजधानी. भोसल्यांचे राज्य जाऊन चाळीस वर्षेही झाली नव्हती. १८७७ मध्ये एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागला होता, १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघाले होते. महालातील वाड्यांत शास्त्रचर्चा चालत आणि तेथून फार दूर नाही अशा वर्गखोल्यांत मुले इंग्रजी तत्त्वज्ञान वाचत. टिळकांना दोन्हींत गती होती आणि दोन्हींत समाधान नव्हते. जातिभेद त्यांना असह्य झाला होता. ईश्वर पित्यासारखा असेल तर त्याच्या लेकरांत स्पर्शाचा विटाळ कसा, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. बंधुभावावर उभा असा एखादा नवाच धर्म काढावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. हा नास्तिकाचा संशय नव्हता. देव आहे याविषयी त्यांना शंका नव्हती. मात्र तो जसा सांगितला जातो तसाच आहे का, याविषयी होती. मराठी माणसाला हा संशय परका नाही. इंद्रायणीच्या काठी तेरा दिवस धरणे धरून बसलेल्या तुकोबांची कथा आपण ऐकतो, तीही याच जातीच्या अस्वस्थतेची आहे. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक पुढे आवर्जून सांगत.

गाडीत मिळालेले पुस्तक त्यांनी आपल्या नेहमीच्या सवयीप्रमाणे वाचायला घेतले, म्हणजे हाती पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून खुणा करीत. हेतू पारखण्याचा होता, शरण जाण्याचा नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर मात्र त्यांना पुढे जाता येईना. तत्त्वज्ञानातील ज्या गाठी वर्षानुवर्षे सुटल्या नव्हत्या, त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत मिळाल्याचे त्यांनी नंतर लिहून ठेवले.

तरीही निर्णय लगेच झाला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पटणे आणि विश्वासणे यांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडले. या काळात टिळक ख्रिस्ती नियतकालिकाशी टोपणनावाने पत्रव्यवहार करीत होते, शंका विचारीत होते आणि दुसरीकडे नोकरी व घर सांभाळीत होते. अडचण ग्रंथातील नव्हती, घरातील होती. पत्नी लक्ष्मी पंचविशीची, मुलगा दत्तू दोनेक वर्षांचा. बाप्तिस्मा घेतला की जात जाणार, जातीबरोबर पत्नी आणि मूलही जाणार, हे त्या काळात गणितासारखे स्पष्ट होते. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी पाद्र्याकडून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाच्या हातून घ्यायचा, असा त्यांचा आग्रह होता. गाडीतील गृहस्थाने दिलेली दोन वर्षांची मुदत तेव्हा संपत आली होती.

येथवरची कथा टिळकांची. यापुढची लक्ष्मीबाईंची आहे आणि खरे सांगायचे तर तीच अधिक मोलाची आहे.

लक्ष्मीबाई मूळच्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. जन्म १८६८ चा, लग्न १८८० मध्ये. वडिलांना सोवळ्याचे वेड म्हणावे इतके सोवळे, आणि त्या धाकात मुलांचे बालपण गेले. शाळा त्यांना लाभली नाही. टिळकांनी लग्नानंतर अक्षरे गिरवून घेतली, पण शिकवणारा शीघ्रकोपी असल्याने धडे सलग कधी झाले नाहीत. नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी आली तेव्हा या बाईच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत आहे, प्रेमाची पत्रे पाठवतो आहे आणि तरी त्याच्या हातचे पाणी पिता येत नाही, अशा स्थितीत त्यांनी चार-पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने काढली. त्यातील बराच काळ पंढरपुरात गेला. आपल्या दुःखाला त्यांनी तेथेच पहिल्यांदा कवितेची वाट करून दिली.

टिळकांची श्रद्धा जगासाठी उदार होती, पत्नीसाठी मात्र त्या वर्षांत ती कठोर ठरली, हे मान्य करावे लागते. स्वतःचा संशय फिटवण्यासाठी त्यांना दोन वर्षे मिळाली होती. पत्नीला मिळाला तो निकाल. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त हे सारे लिहिताना तक्रारीचा सूर लावलेला नाही, उलट स्वतःवरच विनोद केले आहेत, म्हणून त्यातील यातना नजरेआड होण्याचा धोका आहे.

अखेर त्या मुलाला घेऊन अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपल्या अटींवर. चूल वेगळी, पाणी स्वतः भरलेले, सोवळे तसेच. टिळकांनी घाई केली नाही. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात एक साधा विचार आला. देवाने पशुपक्ष्यांत जाती निर्माण केल्या त्या डोळ्यांना दिसतात, कान वेगळे, पिसे वेगळी. माणसांच्या जाती देवाने केल्या असत्या तर त्याही दिसल्या असत्या. त्या दिसत नाहीत, तेव्हा त्या माणसाने केलेल्या असाव्यात. एवढाच तो विचार. त्याला शास्त्राधार नव्हता आणि तो मिशनऱ्यांकडून आलेला नव्हता. पण जन्मभराच्या सोवळ्याची गाठ त्याने सुटली. ज्या टोकाला टिळक ग्रंथांच्या ढिगातून पोहोचले, तेथे ही जेमतेम अक्षरओळख असलेली स्त्री स्वयंपाकघरातून पोहोचली. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

श्रद्धेने टिळक दांपत्याला काय दिले, याचे उत्तर त्यांच्या नगरच्या घरात शोधावे लागते. छप्पनच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत हे घर निराधार मुलांनी भरलेले असे. शिल्लक नसताना पंगत वाढत राही. व्यवहाराच्या दृष्टीने हा बेहिशेबीपणाच होता आणि लक्ष्मीबाई त्यावरून टिळकांना बोल लावायला कमी करीत नसत. मात्र मुलाला परत पाठवा, असेही त्या म्हणत नसत. ईश्वर पिता आहे हे एकदा मानले की दारात उभे असलेले पोर कोणाचे, हा प्रश्नच उरत नाही, अशी ती सरळ विचारसरणी होती.

माणसात दडलेले ओळखण्याची ही नजर साहित्यातही दिसली. १९०७ मध्ये जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली. संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. पदवी देणे सोपे होते. पुढे त्या हळव्या, घरच्या परिस्थितीने गांजलेल्या मुलाला टिळकांनी नगरला आपल्या घरी नेऊन ठेवले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट या आश्रयाला नव्हती, आणि तो झालाही नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. आज मराठी निसर्गकवितेची चर्चा त्यांच्या नावाशिवाय होऊ शकत नाही.

टिळकांच्या मनातील प्रश्न बाप्तिस्म्याने संपले, असाही समज करून घेऊ नये. १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही आले. पण ख्रिस्ती धर्म भारतात परदेशी पोशाखात का वावरतो, ही खंत त्यांना पोखरत राहिली. अभंग आणि ओवी यांतून, कीर्तनाच्या चौकटीत ख्रिस्त सांगावा, हा ध्यास त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, उत्पन्नाची शाश्वती नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग अर्धवट राहिला.

अर्धवट राहिलेली आणखी एक गोष्ट होती. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यासाठी टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य हाती घेतले होते. सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. ते पुरे कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा कोणा पंडिताचे नाव सुचणे स्वाभाविक होते. जोडाक्षरांशी आयुष्यभर भांडण चाललेल्या विधवेचे नाव सुचणे कठीणच. लक्ष्मीबाईंनी त्याला ६४ अध्यायांची भर घातली. दरम्यान मुलगा देवदत्त, म्हणजेच तो दत्तू, याने आग्रह करून त्यांच्याकडून टिळकांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्या 'संजीवनी'त क्रमशः आल्या आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मराठी गद्यातील सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. १९५० मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, १९८० च्या दशकात विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांचे नवे इंग्रजी भाषांतर आले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन'चा शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. आई, वडील आणि मुलगा अशा तिघांच्या हातचे ते काव्य आहे. राजनांदगावच्या गाडीत बसलेल्या त्या गृहस्थाने भाकीत केले होते ते फक्त वडिलांविषयी.