एका रेणूचा चुंबक, पवईत घडलेला

मी आयटीतला माणूस. डेटा किती आणि त्याला जागा किती, हा आमचा रोजचा हिशेब. आज त्याच हिशेबाचं एक टोक पाहू: चुंबक लहानात लहान किती होऊ शकतो?

फ्रिजवरच्या चुंबकाचे तुकडे करत गेलात तर फारच बारीक तुकड्याची दिशा उष्णतेच्या धक्क्यांनी टिकत नाही. पण 1993 मध्ये मँगनीजचे 12 अणू असलेल्या रेणूत दिसलं, की एकटा रेणूही दिशा लक्षात ठेवतो. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य! मात्र त्यासाठी द्रव हीलियमची थंडी लागते, उणे 269 अंशांच्या आसपासची. हा हीलियम पहिल्यांदा द्रवरूप झाला तो आपल्या नेदरलँड्समध्येच, लायडनला, 1908 साली.

थोड्या कमी थंडीत दिशा टिकवायची, तर रेणूची रचना जमायला हवी. डिस्प्रोशियम या धातूचं उदाहरण घ्या. त्यातल्या चुंबकत्व देणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा ढग भाकरीसारखा चपटा असतो आणि चुंबकाची दिशा त्या भाकरीला काटकोनात असते. वर आणि खाली ऋणभार असलेले अणू बसवले, की ते या ढगाला दूर ढकलतात आणि भाकरी आडवीच राहते. दिशा उलटायची तर भाकरी आधी उभी करावी लागते. त्याला बरीच ऊर्जा लागते. कडेने मात्र जोर कमीच हवा, नाहीतर भाकरी डगमगते.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. रामस्वामी मुरुगवेल, प्रा. गोपालन राजारामन आणि सहकाऱ्यांनी हेच साधलं. वर-खाली घट्ट धरणारे दोन ऑक्सिजन, कडेने पाण्याचे पाच रेणू. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला हा रेणू साधारण उणे 261 अंशांपर्यंत दिशा धरून राहतो. शिवाय तो हवेत टिकतो, आणि ही मोठी गोष्ट आहे. कारण 2018 मध्ये कार्बनच्या दोन कड्यांमध्ये डिस्प्रोशियम बसवून शास्त्रज्ञ उणे 193 अंशांपर्यंत पोहोचले खरे. त्या थंडीला स्वस्त द्रव नायट्रोजन पुरतो. पण तो रेणू हवेपासून जपावा लागतो.

थोडक्यात, धातू तोच. शेजारी कोण आणि कुठे बसलेत, यावर स्मरणशक्ती ठरते. जास्त उष्णतेत चालणारा आणि हवेतही टिकणारा रेणू सापडला, तर आमचा जागेचा हिशेबच बदलेल.