मतदाराचा ईमान, उमेदवाराचे इमान

रमजानचे पहिले दहा रोजे झाले की मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावात बाहेरगावचे पाहुणे दिसू लागतात. खांद्याला पिशवी, हातात रसीदबुक. हे मदरशांचे ‘सफीर’, म्हणजे जकात आणि देणगी गोळा करायला निघालेले प्रतिनिधी. दुकानदार त्यांना अदबीने खुर्ची देतो, सलाम-दुआ होते. मात्र गल्ल्यात हात घालण्यापूर्वी दोन-चार प्रश्न ठरलेले असतात. मदरसा कुठे आहे, मुले किती आहेत, तसदीकनामा आणला आहे का? तसदीकनामा म्हणजे एखाद्या नावाजलेल्या संस्थेने दिलेले खातरजमेचे पत्र. समोरचा माणूस पाच वेळचा नमाजी दिसतो, बोलतोही गोड, पण एवढ्यावर भागत नाही. कारण जकात ही आपली मिळकत नव्हे, गरिबांची आपल्याकडे असलेली ठेव आहे, असे देणारा मानतो. वर्षभर साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक राहिली तर तिचा अडीच टक्के हिस्सा हक्कदाराला पोचवायचा. तो चुकीच्या हाती गेला तर जाब द्यावा लागेल, ही धास्ती त्याला असते.

हाच दुकानदार निवडणुकीत मत कसे देतो? तिथे बहुधा एकच प्रश्न पुरतो: माणूस आपला आहे का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार निवडून आला नाही. ज्या समाजाला सभागृहात आपला चेहरा दिसत नाही, त्याने ‘आपला माणूस’ शोधावा यात नवल नाही. घरकुलाचा हप्ता अडकला, कब्रस्तानची भिंत पडली, रेशन कार्डावरचे नाव गळाले, तर तहसीलमध्ये कोण उभा राहील, याची काळजी खरी असते. आणि हा हिशेब फक्त मोहल्ल्यात होतो असेही नाही. मराठा, माळी, बौद्ध, बंजारा, प्रत्येक वस्तीत पारावर आणि चहाच्या टपरीवर हीच बेरीज मांडली जाते. कुणी तिला ‘समाज’ म्हणतो, कुणी ‘विचारधारा’, कुणी ‘संस्कार’. आपल्यासारखा विचार करणारा, आपल्या सणाला येणारा, आपले दुखणे समजणारा माणूस निवडावा, ही इच्छा माणसाला शोभणारीच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा हा आपला माणूस खोटे बोलतो हे सगळ्यांना ठाऊक असते आणि समोरचा, ‘परका’, शब्दाला पक्का म्हणून ओळखला जातो.

इथे भाषा थोडी मदत करते. अरबी आणि उर्दूत ‘ईमान’ म्हणजे श्रद्धा. हाच शब्द मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. मराठी माणूस ‘इमान’ म्हणतो तेव्हा त्याला सचोटी आणि निष्ठा अभिप्रेत असते. इमानदार, बेइमान, इमानेइतबारे हे शब्द खेड्यातला माणूस धर्माचा विचारही न करता वापरतो. म्हणजे उर्दूत ज्या शब्दाने माणूस काय मानतो हे कळते, त्याच शब्दाने मराठीत तो कसा वागतो हे कळते. गंमत अशी की मूळ अरबी धातूत हे दोन अर्थ वेगळे नाहीतच. ईमान, अमानत (ठेव) आणि अमीन (ज्याच्याकडे निर्धास्त ठेव ठेवावी असा) हे तिन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. मराठीने अर्थ बिघडवला असे कुणाला वाटत असेल, तर त्याने पुन्हा विचार करावा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केतले लोक पैगंबरी मिळण्याच्या आधीपासून ‘अल-अमीन’ म्हणत. पुढे त्याच लोकांनी त्यांच्या शिकवणुकीला कडवा विरोध केला, पण आपल्या मौल्यवान वस्तू ठेवायला ते त्यांच्याकडेच येत राहिले. मक्का सोडण्याची वेळ आली तेव्हा या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली यांना मागे थांबवण्यात आले. ठेवी होत्या त्या जिवावर उठलेल्या शहरातल्या लोकांच्या.

हिजरतच्या या प्रवासातली आणखी एक गोष्ट मशिदीतल्या बयानात येते, पण घाईत निघून जाते. मक्केहून मदिनेला जाण्यासाठी आडवाटेचा जाणकार हवा होता. प्रेषित आणि हजरत अबू बकर यांनी त्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या माणसाला मजुरीवर नेमले. तो मुसलमान नव्हता. कुरैशांच्याच धर्माचा होता. त्याच्या हवाली दोन उंटिणी केल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी ये, असे सांगितले. इकडे प्रेषितांना पकडून देणाऱ्यास शंभर उंटांचे बक्षीस लागले होते. गुहेचे ठिकाण त्या माणसाला माहीत होते. त्याने एक शब्द उच्चारला असता तर इनाम त्याचे होते. ठरल्या वेळी तो उंटिणी घेऊन हजर झाला. जिवाची जोखीम होती तेव्हा पाहिले गेले ते वाटेचे ज्ञान आणि शब्दाचा पक्केपणा.

अर्थात वाटाड्या आणि आमदार यांत फरक आहे, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. वाटाड्याला कुठे जायचे ते आपण सांगतो. आमदार कुठे न्यायचे ते स्वतः ठरवतो. म्हणून त्याची मूल्ये पाहावीच लागतात. एखादा उमेदवार अगदी प्रामाणिकपणे सांगत असेल की अमुक वस्ती या गावात नसावी, तर त्याच्या खरेपणाचे कौतुक करून त्याला मत देणे हा वेडेपणा ठरेल. पण क्रम महत्त्वाचा आहे. खोटे बोलणाऱ्याची मूल्ये नेमकी कोणती, हे आपल्याला कळणार कसे? तो आपल्यापुढे आपली मूल्ये सांगतो आणि पलीकडच्या गल्लीत त्यांची. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली तेव्हा ‘विचारासाठी’ मत दिलेल्या कितीतरी लोकांना आपले मत नेमके कुठे गेले, हे शोधावे लागले. दोन्ही बाजू आजही आपणच विचाराशी प्रामाणिक असल्याचे सांगतात.

सोयाबीनचेच घ्या. मोताळ्यात शेतकऱ्याच्या भल्याविरुद्ध कोणता उमेदवार बोलेल? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. विधानसभेच्या प्रचारात एका बाजूने ६,००० चा आकडा दिला, दुसऱ्या बाजूने ७,००० चा. मूल्य तेच, शेतकऱ्याचे हित; फरक फक्त बोलीचा. पाण्याचेही तसेच. वैनगंगेचे पाणी ४२६ किलोमीटरच्या कालव्याने याच तालुक्यातल्या नळगंगा धरणापर्यंत आणण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पाणी यावे असे सगळ्यांनाच वाटते. पण ‘एवढा कालवा एका पंचवार्षिकात होत नसतो, तोवर शेततळी आणि नाला खोलीकरणाचे बघू’ असे भर सभेत सांगणारा उमेदवार सापडला, तर त्याच्या जातीधर्माकडे न पाहता त्याचे दोन शब्द जास्त ऐकावेत. टाळ्या पडणार नाहीत हे ठाऊक असूनही तो बोलतो आहे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. माल विकताना कोणता व्यापारी काटा मारतो, हे त्याला पक्के माहीत असते. काटा मारणारा सोयरा असला तरी तो पोते दुसऱ्याच्या दारात उतरवतो. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक आख्खी सूरह आहे, ‘अल-मुतफ्फिफीन’. तिच्या सुरुवातीलाच घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्या माणसाला धिक्कारले आहे. हा माणूस अमुक धर्माचा असेल तर माफ, अशी सवलत तिथे नाही. सूरह अन-निसामध्ये तर अमानत तिच्या हक्कदाराकडे सोपवण्याची आज्ञा आहे, आणि साक्ष स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी न्यायाने देण्याची ताकीद आहे. अनेक उलमांनी मताला ‘शहादत’, म्हणजे साक्ष म्हटले आहे: हा माणूस या कामाला लायक आहे, अशी ती साक्ष. मग नालायक ठाऊक असलेल्या आपल्या माणसाला दिलेले मत काय ठरते, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्राने हा पेच फार मोठ्या पातळीवर पाहिला आहे. बॅ. अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. राज्याचे ते पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. त्यानंतर आजवर दुसरा झालेला नाही. निर्णयांचा धडाका, निराधारांसाठी सुरू केलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना, कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामकरण, यामुळे त्यांचे चाहते सर्व समाजांत होते. मग सिमेंटचे प्रकरण आले. टंचाईच्या काळातले सिमेंटवाटप आणि त्यांच्या प्रतिष्ठानला बिल्डरांकडून मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा ठपका मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये ठेवला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. न्यायालयात जाणाऱ्यांत मृणाल गोरे आणि प. बा. सामंत होते. पुढे वर्षानुवर्षे चाललेल्या फौजदारी खटल्यात अंतुले यांना शिक्षा झाली नाही. मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले, ते केंद्रात अल्पसंख्याक मंत्रीही झाले.

त्या काळी अनेक मुस्लिम घरांत ‘आपला होता म्हणून पाडला’ असे म्हटले जाई, आणि आजही म्हटले जाते. त्यात तथ्याचा अंश नसेलच असे नाही; इतरांच्या प्रतिष्ठानांची झडती तितक्या तत्परतेने झाली नाही, हे कबूल करायला हवे. पण दुसऱ्याची झडती झाली नाही, हा आपल्या माणसाच्या बाजूचा पुरावा होत नाही. निराधार योजनेचे दरमहा १,५०० रुपये आज मोताळ्यातल्या विधवेच्या खात्यात पडतात, ते श्रेय त्यांचे आहे आणि राहील. सिमेंटचा प्रश्न त्याने पुसला जात नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि मतदाराला त्या एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात.

आजच्या मतदाराकडे तेव्हाच्या मतदाराकडे नसलेली एक वस्तू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. हा त्याचा तसदीकनामाच म्हणायचा, फरक एवढाच की तो स्वतःच स्वतःबद्दल लिहितो. म्हणून जरा ताणूनच वाचावा. खोटी माहिती दिली किंवा दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये लोकसभेचे अर्ज २८ मार्च ते ४ एप्रिल या काळात, म्हणजे ऐन रमजानात भरले गेले. ११ एप्रिलला ईद झाली आणि २६ एप्रिलला बुलडाण्यात मतदान. रात्री तरावीहनंतर जागणाऱ्या तरुणांच्या हातात मोबाइल होतेच. त्यांतल्या किती जणांनी निवडणूक आयोगाच्या ॲपवर जाऊन ती पाने उघडली असतील?

वाचताना नुसती गुन्ह्यांची संख्या मोजू नये. २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी आपल्यावर गुन्हे दाखल असल्याचे लिहून दिले आहे. पण कापसाच्या भावासाठी रास्ता रोको केला म्हणून नोंदलेला गुन्हा वेगळा आणि पतसंस्थेतल्या ठेवी गिळल्याचा वेगळा. कलम पाहावे. जुन्या दंडसंहितेचे ४०६ आणि ४२०, नव्या भारतीय न्याय संहितेचे ३१६ आणि ३१८ ही विश्वासघाताची आणि फसवणुकीची कलमे आहेत. पोलिसांच्या जुन्या हिंदुस्तानी भाषेत ४०६ ला ‘अमानत में खयानत’ म्हणतात. गुन्हा दाखल म्हणजे सिद्ध नव्हे, हे खरे. म्हणून मागच्या शपथपत्राशी आताचे ताडून पाहावे. पाच वर्षांत मालमत्ता किती पटीने वाढली आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले आहे, एवढ्याने बरेच कळते.

इफ्तारचेही थोडे बोलायला हवे. टोपी घालून खजूर खाणाऱ्या नेत्याचा फोटो वाईट नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे यावेच. मात्र त्या पाठोपाठ रेशनची किट आणि ‘ईदी’ची पाकिटे येऊ लागली तर तो पाहुणचार राहत नाही. मतासाठी पैसे देणारा जसा कायद्याने गुन्हेगार, तसाच घेणाराही. आणि लाच देणारा-घेणारा दोघांचाही हदीसमध्ये निषेध आहे. धर्माच्या नावाने मत मागणे हा तर भ्रष्ट आचार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले आहे. मतदाराने मनात काय धरावे यावर कोणताही कायदा नाही. ते त्याच्यावर सोपवलेले आहे.

दोघेही उमेदवार बेइमान निघाले तर? फिकहमध्ये दोन हानींपैकी कमी हानी निवडण्याची मुभा आहे. तिचा वापर हल्ली फारच सढळ होतो. शोध न घेताच ‘सगळे सारखेच’ म्हणून मोकळे होणाऱ्यासाठी ती नाही. ‘नोटा’चे बटणही २०१३ पासून यंत्रावर आहे.

आणि एका मताने काय होते, असे मोताळ्यात तरी कुणी म्हणू नये. हा तालुका ज्यात येतो त्या बुलडाणा विधानसभा मतदारसंघाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये अवघ्या ८४१ मतांनी लागला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर तिथे प्रशासक आला. या निवडणुका लागतील तेव्हा उमेदवार ओळखीतलेच असतील, कुणी वर्गमित्र, कुणी सोयरा, कुणी रोजचा गिऱ्हाईक. त्यांनी उधारी कशी फेडली, भावकीतली वाटणी कशी केली, मशिदीच्या किंवा मंदिराच्या वर्गणीचा हिशेब दिला की नाही, हे गावाला शपथपत्राशिवायही माहीत असेल. ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांना घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने उमेदवाराची चार पाने मोठ्याने वाचून दाखवायला पंधरा मिनिटे लागतील.