विष कोणाच्या अंगणात?

बाजारातून वस्तू घेताना आपण तिचा भाव विचारतो. ती घडविताना निघालेली घाण कोणाच्या दारी पडली, हे सहसा कोणी विचारीत नाही. देशादेशांमधील व्यापारात तर ते दार हजारो कोस दूर असते.

परदेशी यंत्रविद्या सर्वस्वी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. भोपाळ शहरातील इंद्रपुरी ही वस्ती ज्याच्या नजीक आहे, तो भेलचा कारखाना इंग्रज कंपनीच्या साहाय्यानेच उभा राहिला आणि हजारोंच्या चुली त्यावर पेटल्या. त्याच शहराच्या उत्तरेस युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा कारखाना होता. निम्म्याहून अधिक मालकी अमेरिकन कंपनीची. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला आणि झोपेतच हजारो जीव गेले. वस्ती कारखान्याच्या भिंतीपर्यंत वाढू देणारे आपलेच राज्यकर्ते होते, हेही विसरून चालणार नाही.

१९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. भरपाई मिळालेल्यांची संख्या पाच लाखांवर गेली. बहुतेकांच्या हाती प्रथम आले २५ हजार रुपये. आयुष्यभर धाप लागलेल्या माणसाच्या औषधाला ते किती दिवस पुरावेत?

पण कारखान्यात पडून राहिलेल्या कचऱ्याची कथा आम्हांस अधिक बोलकी वाटते. २०१२ साली तो जर्मनीत नेऊन जाळण्याची योजना निघाली. तेथील लोकांनी विरोध केला, योजना बारगळली. त्या लोकांस आम्ही दोष देत नाही. आपल्या लेकराबाळांशेजारी विष कोणास हवे? मात्र १ जानेवारी २०२५ च्या रात्री तोच ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून धार जिल्ह्यातील पिथमपूरला निघाला, तेव्हा तेथील लोकांनीही रस्त्यावर उतरून हेच म्हटले. त्यांचे म्हणणे मात्र टिकले नाही. जूनअखेर कचरा जाळून झाला. त्यात चुना वगैरे मिसळावा लागत असल्याने राख मूळ कचऱ्याहून जड भरली, आणि ती कोठे पुरावी यावर पुन्हा तंटा.

कारखान्याभोवतीच्या जमिनीत मुरलेले विष तर कोणी मोजलेल्या त्या ३३७ टनांत नव्हतेच. तेथील वस्त्यांना नळाने स्वच्छ पाणी द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २००४ साली द्यावा लागला होता, तो त्याच विषामुळे.