वाट चुकलेल्या पेशींचा माग

तान्ह्या मुलाच्या अंगावर गाठ आढळली, तर ती साधी की मारक, हा प्रश्न वैद्यापुढे प्रथम उभा राहतो. बालवयातील जननपेशींची अर्बुदे विरळा होतात. पण त्यांचे निदान समजून घ्यावयाचे, तर गर्भाच्या घडणीपासून आरंभ करावा लागतो.

ज्यांपासून पुढे अंडी वा शुक्राणू व्हावयाचे, त्या आद्य जननपेशी जननग्रंथींत उत्पन्न होत नाहीत. त्या प्रथम पीतककोशाच्या भित्तीत दिसतात आणि गर्भाच्या चौथ्या ते सहाव्या आठवड्यात प्रवास करीत जननग्रंथींच्या जागी पोहोचतात. काही पेशी वाटेतच राहून जातात, असे मानले जाते. म्हणूनच ही अर्बुदे अंडाशयात व वृषणात जशी होतात, तशीच माकडहाडापाशी, छातीत व मेंदूतही, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेवर आढळतात. माकडहाडापाशी होणारी गाठ सुमारे ३५,००० ते ४०,००० जन्मांमागे एका बालकात दिसते. जन्मतः ती बहुधा साधी असते; पण काढण्यास विलंब झाल्यास ती मारक होण्याचा संभव वाढतो.

डॅनिश विकृतिवैज्ञानिक गुनार टायलम यांनी १९५९ मध्ये यांपैकी एका मारक अर्बुदाचे पीतककोशाशी असलेले साम्य विशद केले. पीतककोश व गर्भाचे यकृत अल्फा-फीटोप्रोटीन नावाचे प्रथिन तयार करतात. हे अर्बुदही तेच प्रथिन निर्माण करते. त्यामुळे रक्ताच्या तपासणीत त्याचा माग लागतो.

मात्र येथे सावधगिरी हवी. नवजात बालकाच्या रक्तात हे प्रथिन स्वभावतःच विपुल असते. दर मिलिलिटरमागे ते हजारो नॅनोग्रॅम भरते आणि वर्षभराच्या सुमारास अत्यल्प होते. म्हणून आकडा नेहमी वयाशी ताडून पाहावा लागतो. नाहीतर निरोगी बालकही रोगी ठरेल. उलट, काही अर्बुदे हे प्रथिन निर्माणच करीत नाहीत. यासाठी श्राव्यातीत ध्वनी व चुंबकीय अनुस्पंदन यांनी घेतलेली चित्रे, तसेच सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा यांचीही जोड घ्यावी लागते.

गाठ काढल्यावर प्रथिनाचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरत गेले नाही, तर रोग उरल्याची शंका येते. सिसप्लॅटिन या औषधाचा उपयोग १९७० नंतरच्या दशकात सुरू झाल्यापासून बहुतेक बालके बरी होऊ लागली आहेत. म्हणून वृषणाची वेदनारहित सूज, पोटातील वा ढुंगणावरील गाठ, किंवा अकारण मलमूत्रावरोध दिसताच बालकास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. रोग विरळा असला, तरी वेळीच ओळखला गेल्यास तो आटोक्यात येतो.